शेवटच्या कोपऱ्याचं तिकीट

१

माझ्यासारखा हात अख्ख्या खानदानात कुणाचा नाही. हे मी नाही म्हणत, आत्या म्हणते. आणि आत्याच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं आहे, तेही भूल न देता.

आत्या दात बनवते. थापा नाही मारत. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे तिच्याकडे पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते, जबडा तयार करते आणि त्यावर दात रचते. हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत चालतं. एका भिंतीला लांबलचक फळी आणि फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग. वरचा आणि खालचा जबडा एका बिजागरीच्या सांगाड्यात बसवलेला असतो, म्हणजे उघडझाप करून बघता येतं की चावा नीट बसतोय का. मी त्यांना चावरे म्हणतो. समोरच्या भिंतीला छोटी भट्टी. टेबलाखाली धूळ ओढायचं मशीन, ते बंद केलं की नळीतून असा लांब सुस्कारा सोडतं, जसा काही दिवसभर तेच राबत होतं.

मी इथे कसा? नववीनं मला दोनदा ठेवून घेतलं, एवढा तिचा जीव जडला माझ्यावर. मग बाबा म्हणाले, "डोकं चालत नाही ना? हात चालव," आणि मला आत्याच्या ताब्यात दिलं. ती त्यांची मोठी बहीण. बाबा जगात फक्त तिलाच घाबरतात.

पण शाळेनं मला काहीच दिलं नाही असं नाही. माझ्या दोन कला तिथेच फुलल्या. पहिली, हजेरी. जो कोणी दांडी मारेल त्याच्या आवाजात मी 'हजर' म्हणायचो. जाड्याचा घोगरा आवाज, शेंबड्याचा नाकातला, सगळे. बाई रजिस्टरात बघत नुसत्या टिक करायच्या. एकदाही मान वर केली नाही त्यांनी. एका दिवशी निम्मा वर्ग बाहेर खेळत होता आणि हजेरी पूर्ण. तो माझा सोन्याचा दिवस.

दुसरी कला, टिंब्या. एक टिंब म्हणजे डोकं, खाली काड्यांचं अंग, आणि एक हात वर. हजर! झाला टिंब्या. माझी सही म्हणा. बाकांवर आहे, आमच्या जिन्यात आहे, बसच्या सीटमागे आहे, मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या खालच्या बाजूला आहे, म्हणजे ते त्याच्यावर रोज बसतात. त्याच्यापायी सगळे मलाही टिंब्याच म्हणायला लागले.

२

रविवारी दुपारी दात बंद आणि तिकिटं चालू. हा आत्याचा नियम. जबड्यांवर फडकं पडतं, टेबल दोनदा पुसलं जातं, साबणानं हात धुतले जातात, आणि मग कपाटातून अल्बम निघतात.

आत्याला जुनी ऑस्ट्रेलियाची तिकिटं लागतात. नुसती नाही, सगळ्यात पहिली. तो देश एक झाला आणि सगळ्या देशाचं मिळून पहिलं तिकीट निघालं, ते कांगारूचं. सगळीकडे रंग, मधे देशाचा नकाशा पांढराफटक कोरा, आणि त्या कोऱ्या जागेत एकटा कांगारू उभा. वेगवेगळ्या किमतींची वेगवेगळ्या रंगांत. आत्याचा जीव एक पेनी लालवर. हे तिकीट काही दुर्मीळ नाही, ढिगानं मिळतं. मी विचारलं होतं, "मग सारखं तेच तेच तिकीट कशाला गं? पोट भरत नाही का?"

"गाढवा, ते सारखं नसतं," ती म्हणाली. "तुझ्यासारख्या आंधळ्याला सारखं दिसतं."

मग तिनं मला शिकवलं. तिकिटं एकेकटी छापत नाहीत. पत्र्यावर ओळीनं कोरलेली असतात, आणि एका दणक्यात पूर्ण शीट छापली जाते. आता पत्र्यावर कुठे बारीक ओरखडा असला, तर त्या जागेवर छापलेल्या प्रत्येक तिकिटावर तो ओरखडा येणार. कुठे नकाशाची रेघ तुटलेली, कुठे कांगारूच्या शेपटीला खाच. त्या खुणेवरून कळतं की हे तिकीट शीटमध्ये कितव्या ओळीत, कितव्या जागी होतं. असं एक एक सुटं तिकीट शोधायचं, ओळखायचं आणि त्याच्या जागेवर नेऊन बसवायचं. शंभर वर्षांपूर्वी फाटून जगभर उधळलेली शीट पुन्हा जुळवायची. आत्या माझ्या जन्माच्या आधीपासून हे करतेय.

"एकदा दिसलं तर डाग," ती म्हणायची. "दोन तिकिटांवर त्याच जागी दिसलं तर पत्र्याचं." हे ती इतकं घोकायची की चावऱ्यांनाही पाठ झालं असेल.

शीट जवळजवळ भरली होती. शेवटच्या ओळीतला शेवटचा कोपरा तेवढा रिकामा. ते कोपऱ्याचं तिकीट तिकीटवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे होतं दुसरं कुठे सापडत नव्हतं, आणि ते म्हणायचे, "मी गेल्याशिवाय नाही मिळणार." सदानकदा जाकिटातला माणूस, बोलताना भिंग घड्याळासारखं फिरवतो. आत्याला 'दातवाल्या बाई' म्हणतो. मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी आत्याची पानं कुठे लागायची माहितीये? संडासाच्या बोळात. लोक नाक दाबून कांगारू बघायचे.

"अपुरी शीट पहिल्या भिंतीवर लागत नाही, बाई," अध्यक्ष म्हणायचे. "परंपरा आहे."

आत्या घरी येऊन टेबलापाशी बसायची. नुसती दात घासायची. लोकांचे.

३

गंमत अशी सुरू झाली. मी एका प्लास्टरच्या जबड्यावर आतल्या बाजूनं टिंब्या काढला होता. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, हे काय चिन्ह आहे, काही नवीन पद्धत आहे का. आत्यानं माझा कान पिळला.

"तुझं ते चित्र माझ्या कामावर नको. आणि लपवून काढशील ना, तरी सांगते, मला दिसणार. जगात कुठेही काढ."

आता हे म्हणजे बैलाला लाल फडकं. लाल कांगारूच म्हणा ना.

पोर्सेलिनच्या दातावर खऱ्यासारखे डाग काढायला एक रंग असतो, चहाच्या डागासारखा तपकिरी. त्याला एकाच केसाचा वाटावा इतका बारीक ब्रश लागतो. तो ब्रश मला जमतो, आत्यापेक्षाही लवकर जमला, लिहून घ्या. आणि हा रंग भट्टीत भाजेपर्यंत पक्का होत नाही. नुसतं ओलं बोट फिरवलं की गेला. म्हणजे तिकिटाला इजा नाही. मी खोडकर आहे, हरामखोर नाही.

रविवारी आत्या दारात कुरिअरवाल्याशी भांडत होती. मी शीटमधलं नाही, सुट्या ढिगातलं एक लाल तिकीट घेतलं. श्वास धरला. कांगारूच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत टिंब्या उभा केला. डोकं, काड्या, हात वर. भिंगाशिवाय धुळीचा कण वाटावा एवढा. अख्ख्या ओसाड नकाशात तो आणि कांगारू, दोघंच. खरं सांगतो, इतकं सुंदर काम मी तोवर केलं नव्हतं. तिकीट मी ढिगात सरकवलं आणि शहाण्यासारखा बसलो.

आत्या आली, चिमट्यानं एकेक तिकीट उचलत भिंगाखाली नेऊ लागली. माझं आलं. तिचा हात थांबला.

"अरे," ती म्हणाली.

मी दोन्ही गाल आतून चावले.

"नकाशात काहीतरी आहे."

"कांगारू असेल, आत्या."

"गप बस."

४

तिनं वाटीत कोमट पाणी घेतलं आणि तिकीट अलगद सोडलं. आता टिंब्या विरघळणार, तपकिरी धूर निघणार, आत्या माझ्याकडे बघणार आणि मी पळणार, असा माझा कार्यक्रम ठरला होता. दाराकडचा मार्गही मोकळा ठेवला होता.

पाण्यात थोडासा तपकिरी धूर निघाला. मी बघितला तो. आत्याचं लक्ष नव्हतं. तिनं तिकीट बाहेर काढलं, टिपकागदावर ठेवलं, मऊ ब्रश फिरवला आणि पुन्हा भिंग लावलं.

"गेलं नाही," ती म्हणाली. "छपाईतलं आहे."

"दाखव बघू."

मी बघितलं. माझा रंग निघून गेला होता. त्याखाली, बरोबर त्याच जागी, टिंब्या उभा होता. डोकं, काड्या, हात वर. मी काढलेला तपकिरी होता. हा लाल होता. कांगारूच्या लाल रंगाचाच लाल, कागदात मुरलेला.

फळीवर फडक्याखाली एक जबडा वाजला. टक.

प्लास्टर सुकताना वाजतं. मला माहीत आहे, मीच शिकाऊ लोकांना सांगतो. म्हणजे शिकाऊ मी एकटाच आहे, पण सांगितलं असतं.

"एकदा दिसलं तर डाग," आत्या स्वतःशीच पुटपुटली आणि शीटचं पान ओढलं. पहिल्या ओळीतलं एक तिकीट पानावरच्या पारदर्शक खिशातून काढून भिंगाखाली धरलं. खूप वेळ. मग दुसरं काढलं. मग तिचा आवाज बदलला.

"ह्याच्यावर पण आहे. ह्याच्यावरही. जागा थोडी वेगळी आहे, पण आहे! अरे, इतकी वर्षं मी बघतेय, मला दिसलं कसं नाही?"

तिनं अल्बममधून प्रत्येक जागेची जोडीची, म्हणजे त्याच जागेची दुसरी, तिकिटं काढली. तीही तशीच. त्या त्या जागी, त्याच ठिकाणी. दोनदा दिसलं. पत्र्याचं.

मग आत्यानं मला मिठी मारली. प्लास्टरनं खरखरीत झालेले हात माझ्या डोक्यावरून फिरवले. "जगात कुणाला माहीत नसलेली खूण, टिंब्या! पहिली मला दिसली. मला!" तिचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "मग. आत्या कुणाची!"

रात्रभर नाही, पण जेवताना जरा विचार केला. सरळ आहे. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून भिंगातून बघायचो. तेव्हाच हा माणूस माझ्या डोळ्यात बसला असणार. मग मी शाळेत तोच काढायला लागलो आणि मला वाटलं माझा आहे. म्हणजे मी त्याला काढला नाही, त्यानं मला... असो. पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. त्या लाल तिकिटावर तो बरोबर माझ्याच टिंब्याखाली कसा होता? एवढ्या मोकळ्या नकाशात?

५

अध्यक्ष घरी आले. आत्यानं फोनवर सांगितल्यावर आधी हसले होते म्हणे. "दातवाल्या बाई, दात किडतात तसे डोळेही किडतात." खोटं पाडायला आपला अल्बम काखेत मारून आले.

आत्यानं दोन जबडे सरकवून जागा केली. जाकीटवाले बसले, भिंग फिरवलं, आत्याचं तिकीट बघितलं. हूं म्हणाले. मग स्वतःचा अल्बम उघडला, त्यातलं त्याच जागेचं तिकीट काढलं, आणि भिंग फिरवायचे थांबले.

"हे माझ्याकडे वडिलांपासून आहे," ते म्हणाले. "माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही."

"आणि?" आत्या.

"आहे," अध्यक्ष म्हणाले. एवढंच. पण काय सांगू, त्या एका 'आहे'साठी आत्या वीस वर्षं बोळात उभी होती. ती खुर्चीत अशी सरळ झाली की मला वाटलं उंची वाढली.

तेव्हाच मला राहवलं नाही. भीतीनं नाही हां. आता हे प्रकरण वाढतंय, पुढे तिची फजिती नको, म्हणून. मी म्हटलं, "आत्या, तो मी काढलाय. तो टिंब्या. माझाच आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मग आत्या खो खो हसली.

"हो का रे? आणि ह्यांच्या अल्बममध्ये घुसून पण तूच काढलास? ह्यांच्या वडिलांच्या वेळेला?"

"हात चांगला आहे माझा," मी म्हटलं.

"ते मात्र खरं," आत्या अध्यक्षांना म्हणाली. "हात आहे पोराला."

अध्यक्ष हसले नाहीत. पानं उलटून पाहत होते, एकेका तिकिटावर भिंग नेत होते. शेवटच्या ओळीपाशी आले आणि अल्बम मिटला.

"कोपऱ्याचं पण बघा ना," आत्या म्हणाली.

"ते ह्यात नाही. वेगळं ठेवलंय. घरी जाऊन बघतो." जाताना ते दारात अडखळले. "शीट पहिल्या भिंतीवर लावू, बाई. पण पूर्ण झाली तर. नियम म्हणजे नियम. एक जागा रिकामी राहिली तर पुन्हा बोळ."

ते गेले. टेबलाखालच्या मशीननं सुस्कारा सोडला. ओऽऽ.

"बंद कर ते," आत्या म्हणाली.

मी खाली वाकलो. बंदच होतं.

६

प्रदर्शनाआधी मांडामांड माझ्याकडे आली. काळ्या पुठ्ठ्यावर पारदर्शक खिशांच्या ओळी, आणि प्रत्येक खिशात एक तिकीट सरळ, दातेरी कडा कडेला समांतर. आत्याचा जरासा हात थरथरतो हल्ली, म्हणून मी. उजेड भरपूर होता, दुपारच्या उन्हात खोली पांढरी झाली होती, जबडे, भिंती, सगळं.

सगळी शीट एका पुठ्ठ्यावर आली आणि मी पहिल्यांदा ती ओळीनं वाचली. भिंग घेऊन, डावीकडून उजवीकडे, पुस्तक वाचतात तशी. आत्या असं कधी वाचत नाही. ती एक तिकीट आणि त्याची जोडी, असं बघते. तिला खुणा दिसतात. मला माझा माणूस दिसत होता.

पहिल्या तिकिटात टिंब्या कांगारूच्या मागे उभा. हात वर. पुढच्यात एक पाय पुढे. त्याच्या पुढच्यात आणखी थोडा सरकलेला. चालत होता. शाळेत वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून आपण पानं फडफडवतो ना, तसं. मला हसू आलं. किती मजेचं! पत्र्यावर कोरणारा कोणीतरी माझ्यासारखाच टारगट असणार, शंभर वर्षांपूर्वी सगळ्या देशाला टोपी घालून गेला, कुणाला पत्ता नाही. मी त्याला मनात सलाम ठोकला.

मग तिसऱ्या ओळीत नकाशाच्या कडेला एक उभी रेघ दिसली. समुद्रातून जमिनीवर नुकतीच चढलेली. पुढच्या तिकिटात ती थोडी आत होती. तिला वर टिंब होतं.

उंच होता तो. टिंब्याच्या दुप्पट. हात खाली.

मी भिंग पुसलं. पुढची ओळ. टिंब्या पुढे, उंच मागे. पुढची ओळ. अंतर कमी. टिंब्याचे पाय लांब पडायला लागले होते. तो आता चालत नव्हता, पळत होता. आणि तरी त्याचा हात वरच होता. तेव्हा मला ते पहिल्यांदा हजेरीसारखं वाटलं नाही. कुणाला तरी बोलावत असल्यासारखं वाटलं.

शेवटच्या ओळीत मी हळू गेलो. रिकाम्या कोपऱ्याच्या आधीच्या तिकिटात उंचानं टिंब्याला गाठलं होतं. त्याचा वर केलेला हात मनगटाला धरला होता. बाई मुलाला धरून वर्गाबाहेर नेतात तसा.

आणि पुढचा खिसा रिकामा.

"आत्या," मी हाक मारली. "इथे दुसरा कोण आहे?"

ती चहाचा कप ठेवून आली, वाकली, बघितलं. "दुसरा कोण असायला? ओरखडा आहे, उभा. छान ठळक आहे. ह्याचाही उल्लेख करू."

"त्याला डोकं आहे."

"तुला पण आहे, वापरतोस का कधी?" माझ्या पाठीत थाप मारून ती आत गेली. गुणगुणत होती. आत्याला गुणगुणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

खोलीत मी आणि चावरे. फडक्याखाली एक वाजला. मग शेजारचा. टक. टक. जसं काही कुणीतरी तोंड उघडून मिटून बघत होतं, चावा नीट बसतो का. आणि मग अगदी हलक्यानं, घसा नसलेल्या आवाजात, ओऽ. पुन्हा, थोडं बरं. ओ.

हा सराव मला ओळखीचा आहे. कुणाचाही आवाज काढायचा तर आधी असंच करावं लागतं. तोंडातल्या तोंडात, ओ, ओ, लागेपर्यंत.

मशीनची पिन मी स्वतः काढून ठेवली होती. ती माझ्यासमोर टेबलावर पडली होती.

घरी जाताना जिन्यात माझा हात सवयीनं भिंतीकडे गेला. माझा टिंब्या नव्हता. वॉचमन पुसतो कधी कधी, पण त्याचा फराटा राहतो. इथे भिंत नितळ होती, कधी काही काढलंच नसल्यासारखी.

७

प्रदर्शनाची सकाळ. मोठ्ठा हॉल, चकचकीत फरशी, सगळे दिवे लावलेले. पहिल्या भिंतीवर आमची चौकट. काच अजून उघडी, कारण कोपरा रिकामा. आत्यानं ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्या रिकाम्या खिशासमोर उभी होती. मंडळाचे लोक मागून कुजबुजत होते. आज बोळ की भिंत, एवढाच प्रश्न होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता.

अध्यक्ष उशिरा आले. जाकीट नव्हतं. दाढी वाढलेली. खिशातून छोटं पाकीट काढून त्यांनी आत्याच्या हातात कोंबलं.

"घ्या. पूर्ण करा. परत नको मला."

"अहो, पण..." आत्या म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता, तुम्ही गेल्याशिवाय..."

"तुमचंच आहे, बाई. तुमचा मान आहे." मग ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लावताना भिंग लावू नकोस. मी लावलं."

आत्यानं पाकीट माझ्यापुढे धरलं. "तू लाव. तुझा हात."

आता बघा. मी नाही म्हटलं असतं तर? पाकीट खाली पाडलं असतं, पायानं सरकवलं असतं, हजार युक्त्या येतात मला. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जगात दुसरा हातच नाही. त्या नजरेसाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. मी चिमटा घेतला. तिकीट उचललं. थरथर नाही, काही नाही. कोपऱ्याला कोपरा, दात्याला दाता. ते खिशात असं सरकलं की आवाजसुद्धा आला नाही. एवढं सरळ तिकीट त्या हॉलमध्ये दुसरं नव्हतं, जाऊन बघा.

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, खाली बघत.

आणि मी टिंब्या आहे ना. बघू नको म्हटलं की बघणार. भिंग लावलं.

नकाशा. कांगारू. आणि उंच, एकटा. टिंब्या कुठे नव्हता. उंचाचा हात वर होता. बरोबर माझ्यासारखा, कोपरात किंचित वाकलेला.

मागे आत्या लोकांना सांगत होती, "माझं एकटीचं काम नाही हो हे. माझा भाचा आहे ना, काय हात आहे त्याचा! थांबा, बोलावते." आणि तिनं मोठ्यानं हाक मारली, "टिंब्या! ये रे इकडे!"

मी भिंग खाली घेतलं, तोंड उघडलं.

"ओ, आलो आत्या!"

मी नव्हतो बोललो. आवाज माझ्या मागून आला, आणि माझाच होता. शेवटी माझा आवाज जरासा फाटतो, तो पण बरोबर तिथेच फाटला. मी आयुष्यात इतक्या जणांचे आवाज काढले, इतकी हुबेहूब नक्कल मला एकदाही जमली नव्हती. मला मान वळवता येईना.

माझ्याभोवती सगळं पांढरंफटक कोरं झालं होतं, आणि काचेच्या चौकटीपलीकडे आत्या दिसत होती. तिनं हात पसरून कुणालातरी जवळ घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला तिला तो स्वतःच्या डोक्याच्याही वर न्यावा लागला. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

"हाच तो," ती सगळ्यांना म्हणाली. "हाच माझा टिंब्या."

मी हात वर केला. "हजर," म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, जोरात, सगळा हॉल दणाणेल असं.

कुणीही मान वर केली नाही.